व्हार्निशमधला अंगठा

"तिथं फडकं लावू नका!" गृहस्थ ओरडलेच. व्हायोलिनची सैल झालेली खुंटी बसवून घ्यायला ते माझ्या पॅरिसच्या दुकानात आले होते आणि समोर उभे राहून पाहत होते. "तो डाग नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कारागिराच्या अंगठ्याचा ठसा आहे. आत त्याच्या नावाची चिठ्ठीसुद्धा आहे, बघा."

मी काय बघणार? ते व्हायोलिन तीस वर्षांपूर्वी मीच बनवलं, आणि ती चिठ्ठीही मीच कॉफीत बुडवून पिवळी केली आणि आत चिकटवली. आम्ही इथले सगळेच कारागीर चिकटवायचो. फ्रेंच माणसाच्या नव्या व्हायोलिनला इथं कुत्रंही विचारत नव्हतं.

अंगठा मात्र ओर्तांसचा, माझ्या बायकोचा. व्हार्निश वाळलं का, म्हणून तिनं दाबून पाहिलं, आणि मी मूर्ख आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली. तिच्या हाताची एवढीशी खूणही घरात उरलेली नाही.

"किती नाजूक अंगठा, नाही?" गृहस्थ म्हणाले.

खरं सांगितलं असतं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तो घासून काढला असता.

"मोठ्या कारागिराचे हात तसेच असतात," मी म्हणालो. "जपा."

खुंटी बसली. व्हायोलिनची पेटी बंद करण्याआधी मी विचारलं, "एकदा ठशावर बोट टेकवून बघू?"

"छे छे," ते म्हणाले. "झिजेल."

बरोबरच होतं त्यांचं. मी हात मागे घेतला.