पाच पाईंचा पसारा

मैद्याची पिशवी कलंडली आणि अर्धी फरशी पांढरी झाली. ताईने ती पुसली नाही. उलट पायाने जरा आणखी पसरवली.

"अस्सं! आता हे घर वाटतच नाही, गोदाम वाटतंय," दारात उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला. दोघं लहानपणी हसायची तशी तोंडावर हात धरून हसली.

चार वाजता एक जोडपं घर बघायला येणार होतं. विकायची घाई थोरल्या भावाला होती. तो परगावी राहून फोनवरून सगळ्यांच्या नाकी नऊ आणत होता. ताईने सहा महिने विक्रीच्या कागदांवर सही केली नाही. शेवटी धाकट्यानेच तिला समजावलं, "करून टाक सही. दादाची कटकट तरी थांबेल. गिऱ्हाइकं आली तर पळवून लावायला आपण दोघं आहोत ना!" थोरल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण धाकट्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिने सही केली. घर गेलं तर तिला थोरल्याकडच्या मागच्या खोलीत जाऊन राहावं लागणार होतं, आणि वहिनीला आपल्या स्वयंपाकघरात दुसरं माणूस खपत नसे.

पहिल्या गिऱ्हाइकाला ताईने ओल आलेली भिंत दाखवली, दुसऱ्याला गळका नळ. दोघंही गेले ते गेलेच. आजची युक्ती मात्र धाकट्याची होती. "तू आज पीचच्या पाई कर. एक नाही, चांगल्या पाच. ओव्हन सकाळपासून चालू राहू दे. हा उकाडा, हा पसारा! दारातूनच परत जातील बघ." पीचची टोपलीही त्यानेच आणून दिली होती.

मग ताईने हात आखडता घेतला नाही. पीच उकळत्या पाण्यात बुडवून काढले, साली सोलून ओट्यावर तशाच टाकल्या. बियांचा ढीग खिडकीत रचला. थंड लोणी मैद्यात चोळलं, पाऱ्या लाटल्या, फोडींना साखर आणि दालचिनी लावली. वरून पट्ट्यांची जाळी विणली. तिला वाटलं होतं, पसाराच करायचा आहे तर जाळीही वाकडीतिकडी घालावी. पण ते काही तिला जमेना. हात ऐकेनात.

चार वाजता दलाल त्या जोडप्याला घेऊन आला. बाई उंबऱ्यातच थांबली.

"कसला वास येतोय हा?"

दर उन्हाळ्यात पाई भाजत इतकी वर्षं त्यातच राहून ताईला तो वास येईनासा झाला होता. पण बाईने पहिल्याच पावलाला हरकत घेतली म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

"पीचचा," ती तत्परतेने म्हणाली. "भिंतींना धरून बसलाय. रंग दिला तरी जात नाही."

"जात नाही?" बाईने नवऱ्याकडे पाहिलं.

ताईला चेव आला. "आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नाही इतकं उकडतं."

"थंडीत किती छान वाटत असेल," नवरा म्हणाला. मैद्यात त्याच्या बुटांचे ठसे उमटले, तर ओशाळून तोच माफी मागू लागला.

बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. ओव्हनच्या काचेआड जाळीतून पीचचा रस बुडबुडत वर येत होता, तिकडे ती बघत राहिली.

"अकरा घरं पाहिली आम्ही," ती शेवटी म्हणाली. "सगळी स्वच्छ, सगळी रिकामी. इथे कुणीतरी राहतंय असं वाटतं." मग नवऱ्याकडे वळून तिने एवढंच म्हटलं, "हेच घेऊ या."

दलाल त्या दोघांना फाटकापर्यंत पोचवायला गेला. स्वयंपाकघरात बहीणभाऊ उरले. धाकटा मान खाली घालून खिडकीशी उभा होता.

"मला काय माहीत असं होईल," तो पुटपुटला.

आपला डाव आपल्यावरच उलटला म्हणून बिचारा खजील झालाय, हे बघून ताईला स्वतःपेक्षा त्याचीच कीव आली. तिने पहिल्या पाईचा मोठा तुकडा कापला, बशीत घालून त्याच्यासमोर धरला.

"खा. तुझी काय चूक त्यात? तू माझ्यासाठीच केलंस ना!"

त्याने बशी घेतली. तुकड्याला हात लावला नाही.

इतक्यात दलाल हात चोळत आत आला. त्याचा आनंद नुसता उतू चालला होता. कुणी न विचारताच त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ताई, तुमच्या या धाकट्या भावाला मानलं बुवा! मी म्हणत होतो, चार कुंड्या मांडू, पडदे बदलू. तर हे म्हणाले, त्यातलं काही नको, माझ्या बहिणीला पाई करायला लावतो, त्या वासाला कुणी नाही म्हणत नाही. मी म्हटलं, अहो, त्यांचा तर घर विकायला विरोध आहे, त्या कशाला करतील? तर म्हणाले, तिची काळजी सोडा, मी सांगितलं की ती काहीही करते."