अण्णाचं कर्ज

बचत गटाच्या बायका दारात येऊन बसल्या तेव्हा सावनी भाकरी थापत होती.

"रोक्क कोडरी अक्का," त्यांतली म्होरकी कन्नडमध्ये म्हणाली आणि मग मराठीवर आली. "तुमचा हप्ता थकला की आम्हाला पदरचे भरावे लागतात. पैसे द्या, आम्ही उठतो."

कुणी आवाज चढवला नाही. नुसत्या बसून राहिल्या. घरमालकीण गोदूबाई वरच्या गॅलरीत येऊन उभी राहिली, समोरचंही दार उघडलं. सावनीनं मान खाली घालून मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून दिले. बायका साड्या झटकत उठल्या.

कर्ज सावनीच्या नावावर होतं. त्यातला एक रुपयाही तिनं स्वतःसाठी खर्चला नव्हता.

तिचा नवरा चेतन तारिहाळला एका कारखान्यात सुपरवायझर होता. दोन वर्षांपूर्वी तो एका संध्याकाळी घरी आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. त्याचा थोरला भाऊ, कॉलेजात प्राध्यापक असलेला श्रीहर्ष, म्हणजे अण्णा, कर्जात बुडाला होता. विद्यानगरचा फ्लॅट, गाडी, पोरांची महागडी शाळा, दर उन्हाळ्याची सहल, सगळं उसनवारीवर.

"बँकेची माणसं कॉलेजात आली तर त्याची अब्रू जाईल," चेतन म्हणाला होता. "अप्पा गेल्यावर त्यानंच मला शिकवलं, सावनी. मी काय बघत बसू?"

भावासाठी रडणारा नवरा तिला त्या दिवशी फार मोठा वाटला. तिनं आईनं घातलेल्या पाटल्या काढून दिल्या.

"फक्त नेत्रावहिनीसमोर शब्द काढू नकोस," तो म्हणाला. "तिला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर अण्णा जिवाचं बरंवाईट करून घेईल."

पाटल्यांमागून गळ्यातला सर गेला, मग मुलीच्या नावची ठेव. मग गटाचं कर्ज. सप्तापूरचं हवेशीर घर सोडून ती गोदूबाईच्या मागच्या खोलीत राहायला आली. प्रत्येक वेळी चेतन म्हणायचा, "हे शेवटचं." आणि अपराध्यासारखा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. गोदूबाईला कुठून तरी कुणकुण लागली, तेव्हा ती म्हणाली होती, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो." सावनीनं मान डोलावली होती. दुसरं काय करणार?

गणेशचतुर्थीला सगळे विद्यानगरला जेवायला गेले होते. नेत्रा नवी साडी नेसून वाढत होती. पानात दोन गोड पदार्थ होते. पण सावनीशी ती धड बोलली नाही. स्वयंपाकघरात दोघीच असताना मात्र तिची नजर सावनीच्या हातांवर थांबली.

"पाटल्या नवीन वाटतं?"

त्या दुर्गदबैलच्या बाजारात घेतलेल्या, सोन्याचं पॉलिश दिलेल्या खोट्या होत्या. हिच्यापुढे गरिबी कशाला उघडी करायची, म्हणून सावनी म्हणाली, "हो. आत्ताच केल्या."

नेत्रानं पळी भांड्यात टाकली आणि बाहेर निघून गेली.

निघताना अण्णानं चेतनला फाटकापाशी बाजूला घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. परतीच्या बसमध्ये चेतन म्हणाला, "अण्णा फार रडला."

"आपल्या जिवावर थाट करायचा आणि वर तोरा आपल्यालाच," सावनी म्हणाली.

"जाऊ दे. आपण धाकटे," चेतन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

तेव्हापासून ती गप्प होती. पण आज पोरीची फी परक्या बाईच्या पिशवीत गेली होती, आणि आख्ख्या गल्लीनं ते पाहिलं होतं. सावनीनं उरलेल्या पिठावर ताट झाकलं, हात धुतले, साडी बदलली. चेतनला फोन केला नाही. त्यानं विनवण्या केल्या असत्या आणि ती पुन्हा विरघळली असती.

चिगरी नावाच्या जलद शहर-बसमध्ये उभ्याउभ्याच ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. वहिनी, तुमच्या अंगावरची साडी माझ्या पाटल्यांतून आली आहे. वहिनी, तुमची पोरं शाळेत जातात आणि माझ्या पोरीला शाळेतून काढायची वेळ आली आहे. अण्णांचं काय व्हायचं ते होवो. चेतननं टाकलं तरी चालेल. आज त्या बाईला खाली मान घालायला लावायची.

विद्यानगरला उतरून ती भराभर चालत गेली. जिना चढताना पायांत नुसता राग होता. तिनं बेल दाबली. वाजली नाही. मग तिनं मुठीनं दार ठोठावलं.

दार नेत्रानं उघडलं. अंगावर विटका गाऊन, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या. तिच्यामागे हॉल अगदी रिकामा दिसत होता. सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीला टेकून फक्त गाद्यांची वळकटी होती.

सावनी जुळवलेलं पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात नेत्राच बोलली. अगदी थकलेल्या आवाजात.

"आजवर भावजींना पाठवत होतीस, आज स्वतः आलीस? तुझी उधळपट्टी फेडता फेडता आम्ही भिकेला लागलो, सावनी. आता अजून किती हवेत तुला?"