हुकवलेली पेनल्टी

"चौकशी समितीला एवढंच सांगा तेओफिलभाऊ, की तो मनानं पोलिशच होता," त्रुदा काकुळतीला आली होती. "नाहीतर माझ्या नवऱ्याला, आलोइझला, जर्मनांचा माणूस म्हणून ते खाणीत सक्तमजुरीला धाडतील. तिथून कोण परत आलंय?"

तेओफिल बटाटे सोलत होता. "सांगतो की. दोस्त आहे माझा," तो म्हणाला.

दोस्ती तशी जुनी. युद्धाआधी पोलंडमधल्या खोजूफ गावच्या फुटबॉल संघात आलोइझ पुढे गोल मारायचा आणि तेओफिल मागे गोल अडवायचा. मग जर्मन आले, आणि 'आम्ही जर्मनच' म्हणून त्यांच्या यादीत नाव घालायचा फॉर्म घरोघरी आला. आलोइझनं सही ठोकली, जर्मन क्लबचा शर्ट चढवला आणि तो खेळत राहिला. तेओफिलनं सही केली नाही. दोन वर्षांनी त्याला छळछावणीत नेलं. युद्ध संपून तो परत येईपर्यंत त्याची बायको मार्ता उपासमारीनं गेली होती. आलोइझचं भरल्या कोठीचं घर तिच्यापासून दोन दारं पलीकडे होतं. तरी तेओफिल साक्षीला तयार झाला, म्हणजे देवमाणूसच म्हणायचा.

चौकशी समितीपुढे आलोइझ मान खाली घालून बसला होता.

"साहेब, जर्मनांकडून तो खेळला, पण नावाला," तेओफिल म्हणाला. "मला नेण्याआधी मी स्वतः पाहिलंय. ब्रेस्लाउच्या संघाविरुद्धची पेनल्टी त्यानं मुद्दाम गोलच्या बारवरून मारली."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं का रे?"

"हो," आलोइझ कसाबसा म्हणाला. मागच्या बाकावर बसलेल्या त्रुदाचा जीव भांड्यात पडला.

"रिकामा गोल समोर असला तरी हा बाहेर मारायचा," तेओफिल पुढे म्हणाला. " लोक हसायचे हो! म्हणायचे, पाय गेले याचे."

अध्यक्षांनी सुटकेचा शिक्का उचलला.

"सबंध हंगामात एक गोल नाही, साहेब. याच्या जागी एखादी म्हातारी उभी केली असती तरी..."

"ए, थापा मारू नकोस!" आलोइझ ताडकन उठला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "सव्वीस गोल मारलेत मी! ब्रेस्लाउला एकट्यानं चार! जर्मन कमांडरनं स्वतः हार घातला माझ्या गळ्यात, विचारा कुणालाही!"

अध्यक्षांनी शिक्का खाली ठेवला आणि पहारेकऱ्याला खूण केली.

बाहेर त्रुदानं तेओफिलचा कोट घट्ट धरला. "नुसतं गप्प बसायचं होतं हो त्यानं! तुम्ही तर वाचवत होतात त्याला!"

तेओफिलनं सावकाश टोपी घातली.

"वहिनी, नऊ वर्षं मी त्याच्या मागे गोलात उभा होतो. त्याच्या खेळाला नावं ठेवली की तो गप्प बसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"