अंतकलाचं बारसं

"अंतकला," ललिताबाई पुन्हा म्हणाल्या. "पोरीचं नाव अंतकलाच ठेवाचं."

राखीने सासूकडे रागाने पाहिलं. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या शहापुरात या नावाच्या पाच-सहा म्हाताऱ्या होत्या. मुलींवर आणखी एक मुलगी झाली की पूर्वी घरोघरी हेच नाव ठेवत. मुलींचा अंत व्हावा, आता तरी मुलगा यावा, म्हणून. हल्ली कोणी ठेवत नव्हतं. राखीची ही तिसरी मुलगी.

"आई, हे नाव म्हणजे शिवी आहे."

"असू दे. अंत म्हणजे अंत. ज्याले समजाचं त्याले समजते."

तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत सासूने बाळाच्या गालाला बोट लावलं. राखीने ते झटकलं. त्या बोटाची, त्या लाल तोंडाची, त्या घरात शिजलेल्या भाताचीसुद्धा तिला किळस येऊ लागली होती.

भुपेंद्र होता म्हणून ती तगून होती. दवाखान्यातून आणल्यापासून तो तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हता. रोज सफरचंद कापून द्यायचा. नावही त्यानेच शोधलं होतं.

"प्रतीक्षा. कसं वाटते? भंडाऱ्याच्या शाळेत एकेका वर्गात दोन-दोन आहेत. संस्कृत शब्द आहे. वाट पाहणं."

"कोणाची वाट?"

भुपेंद्र हसला. "चांगल्या दिवसाची."

राखीला भरून आलं. अशा बाईच्या पोटी असा माणूस कसा निपजला, असं तिच्या मनात आलं.

बारशाच्या दिवशी अंगणात बाया जमल्या. भुपेंद्र पाळण्याला फुलं बांधत होता. राखी आत बाळाला कुंची घालत असताना ललिताबाई आल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"पोरीला आत्या नाही, पाळण्यात मीच म्हणणार, आणि प्रतीक्षाच म्हणणार," राखी त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

ललिताबाई खाली बसल्या. पदराचं टोक पिळत म्हणाल्या,

"यावेळी तुहं पोट फाडलं, तवा डॉक्टरीणबाईनं मले अन् भुपेंद्रले बाहेर बोलावलं होतं. अजून एक लेकरू झालं तर बाई वाचत नाही म्हणे. लगेच नसबंदीचं ऑपरेशन करून टाकू का, म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला. त्याले पोरगा पाहिजे. तुले सांगू नको म्हणून मले शपथ घातली त्यानं. म्हणून नावातूनच सांगत होती, आता अंत."

बाहेरून भुपेंद्रची हाक आली. "राखी, चल. बाया खोळंबून राहिल्या."

राखी बाळाला घेऊन अंगणात आली. पाळण्याजवळ तिला आधार द्यायला भुपेंद्रने खांद्यावर हात ठेवला. अंगावर पाल पडावी तशी ती बाजूला सरली. बाळाला पाळण्यात ठेवून ती वाकली, आणि कानात सांगायचं नाव साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अंतकला."