खारट बासुंदी

देवीशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

आचाऱ्यांच्या टोळीत भिकोबाला काम एकच. भात कुणीही करपवू दे, पुढं होऊन यानं हात जोडायचे, "माझ्याच हातनं चुकलं." शिव्या यानं खायच्या, टोळीचं नाव शाबूत राहायचं.

त्याच्याच लेकीच्या लग्नात टोळीनं साखर समजून बासुंदीत मीठ ओतलं. विहीणबाई ताटावरून उठल्या. "कुणाचा हा प्रताप? वऱ्हाड परत नेते मी!"

भिकोबाचे हात सवयीनं जुळलेच. "माझ्याच हातनं चुकलं."

विहीणबाई थबकल्या. "अगं बाई! आमच्या घरात चुकलं म्हणणारं एक माणूस नाही. असा व्याही सोडतेय होय मी? वाढा ती बासुंदी!"

आणि सात वाट्या प्यायल्या.

बरं, सातचा आकडा माझा. एकच प्यायल्या, तीही नाक दाबून.