वरणातली पुडी

“गोलियाँ पूरी खाई थीं ना, दीदी?”

सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत पायलनं पुन्हा विचारलं. गुप्तरोगाच्या पेशंटना समजावून सांगायचं तिचं काम. मराठी तिला कळायची, पण ती बोलायची हिंदीत. समोर शेवंता मान खाली घालून बसली होती. तिचं अंगावरून पांढरं जाणं थांबलं नव्हतं, ओटीपोट दुखतच होतं.

“अर्ध्या घेतल्या,” शेवटी ती म्हणाली. “अर्ध्या कुटून त्यायच्या वरणात टाकल्या. एक पुडी राह्यली अजून.” तिनं पदराची गाठ घट्ट धरली.

पायलनं कपाळाला हात लावला.

“तुमीच म्हणलं होतं ना, नवऱ्यालेही औषध पाहिजे, नाहीतर पुन्हा होते? मंग मी त्यायले सांगू कशी? म्हणतीन, कुठून आणलं हे? घरातून काढून देतीन मले. पोट्टे घेऊन कुठं जाऊ मी?”

बिचारीनं आपली अक्कल चालवली होती. पण औषध म्हणजे काय भाकर आहे, अर्धी अर्धी वाटून खायला? ना तिला गुण आला, ना त्याला.

“ऐसे तो दोनों की बीमारी रह जाती है,” पायल म्हणाली. “उनको तकलीफ न हो, तब भी जाँच लगेगी. खून और पेशाब, बस. बाहर किसी को पता नहीं चलता. बुलाओ उनको.”

दयाराम बाहेरच होता. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधली कामाची पाळी बुडवून बायकोच्या ‘कमजोरी’साठी आला होता. शेवंतानं दारातूनच त्याला हाक मारली. आज आपला संसार मोडणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

“भैया, आपका भी खून जाँचना है,” पायल म्हणाली. कशासाठी, ते अजून तिनं सांगितलंही नव्हतं.

“पुन्हा?” दयाराम बोलून गेला. “तेव्हा तर काही निघालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी येऊन रक्त देल्लं होतं मी.”

“दूसरे ही दिन बीमारी खून में कहाँ दिखती है, भैया! बाद में फिर आने को बोला होगा ना?”

आपण काय बोललो, ते आत्ता कुठं दयारामच्या ध्यानात आलं. तो बायकोकडं बघेना.

“कशाच्या दुसऱ्या दिवशी?” शेवंतानं विचारलं.

म्हणजे हा रोग बाहेरून त्यानंच घरात आणला होता. कितीतरी रात्री भीतीनं तिचा डोळा लागला नव्हता, आणि ताटावर बसलेला हा माणूस वरण आणखी वाढ म्हणत होता.

शेवंतानं पदराची गाठ सोडली आणि पुडी त्याच्यापुढं ठेवली.

“घ्या. आजच्या वरणासाठी ठेवली होती.”