शेवटची रांग

"बाबा, कॅमेऱ्याचं भोक मोठं ठेवा की! एक चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर. हल्ली लोकांना तेच आवडतं," स्टुडिओत नव्यानं काम शिकणारी लेक म्हणाली.

"ग्रुप फोटोला नाही चालत गं. भोक बारीक केलं की उजेड कमी, वेळ जास्त. पण पार शेवटच्या रांगेपर्यंत सगळे स्पष्ट येतात."

"आणि तोवर बिचाऱ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं! उगाच का तुम्हाला 'पुतळेमास्तर' म्हणतात?"

बाबा हसले. तेवढ्यात एक वयस्क बाई कारखान्यातल्या कामगारांचा तीस वर्षांपूर्वीचा ग्रुप फोटो घेऊन आल्या.

"आमचे हे गेले हो. घरात दुसरा फोटोच नाही. यातून निघेल का?"

त्यांचं बोट शेवटच्या रांगेच्या टोकाला होतं. चेहरा तिळाएवढा. बाबांनी कपाट धुंडाळून मूळ निगेटिव्ह काढली. लेकीनं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि तो तीळ वाढवत गेली. मिशी आली, भुवईवरचा व्रण आला, ओठांच्या कोपऱ्यातलं हसूसुद्धा आलं. कुठं म्हणून पुसट नाही. तिनं वळून बाबांकडे पाहिलं.

बाई पडद्यावरून नजर काढेनात. "त्या दिवशी घरी येऊन किती कुरकुरले होते! म्हणे, फोटोवाल्यानं उभं करून करून पाय मोडले."

बाबांनी ओशाळून हात जोडले.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तेवढं उभं केलंत मास्तर, म्हणून आज भेटले."